केटलबेल, वाळूची गोणी, मुद्गल: सांगलीत घेताना काय बघायचं

केटलबेल, म्हणजे वर मूठ असलेला लोखंडी गोळा, घ्यायला गेलात की दुकानदार आधी किलोचे आकडे सांगतो: ८, १२, १६, २४. आकडा राहू द्या, मूठ हातात घ्या. नुसतं १६ किलो लोखंड भंगारवाल्याकडेही मिळेल. दुकानात पैसे मोजायचे ते त्या लोखंडाला नीट मूठ आहे म्हणून.

सगळ्या अंगाचा व्यायाम घरात किंवा गच्चीवर करायचा तर तीन साधी वजनं पुरतात: बिडाची केटलबेल, वाळूची गोणी आणि लाकडी मुद्गलांची जोडी. बेलची मूठ वजनाच्या डोक्यावर असते, मुद्गलाची वजनापासून लांब आणि गोणीला मूठच नसते. तिन्हींची पारख इथूनच करायची.

केटलबेल मूळची रशियातली, तिथलं नाव गिर्या. धान्य तोलायच्या मापावरून ती व्यायामात आली. ते माप म्हणजे पूड, १ पूड सुमारे १६.३८ किलो. १६, २४, ३२ हे आकडे तिथूनच आले: एक, दीड आणि दोन पूड. मार्केट यार्डात जुन्या काट्याची दांडीवाली १० आणि २० किलोची लोखंडी मापं ज्यांनी इकडून तिकडे केली आहेत, त्यांना ही वस्तू नवीन वाटणार नाही.

दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बेल लांबून सारख्याच वाटतात. एक बिडाची, म्हणजे बिडाच्या तव्यासारखी ओतीव. दुसरी वरून प्लॅस्टिक आणि आत सिमेंट. दुसरी स्वस्त असते आणि बहुतेक लोक तीच उचलतात. हिशेब मात्र साधा आहे. बीड एका लिटरला सुमारे ७.२ किलो भरतं, सिमेंट काँक्रीट सुमारे २.४. म्हणजे १६ किलोच्या बिडाला सव्वादोन लिटर जागा लागते, तर सिमेंटला पावणेसात लिटरच्या आसपास. गोळा धरला तर बिडाचा व्यास १६ सेंटीमीटर, सिमेंटचा २३ च्या पुढे. फडताळात ही जागा मिळेलही, पण बेल खांद्याशी आणून मनगटावर टेकवायची वेळ आली की तो मोठा गोळा हाताच्या हाडावर आदळतो आणि मनगट मागे मोडल्यासारखं वाकतं. दोन हातांनी पायांतून झुलवताना मांड्यांना घासतो. छातीशी धरून बैठका मारायला सिमेंटची बेल चालते, शेतकरी जशा दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या नेतो तसं चालायलाही चालते. त्यापलीकडे ती दाराला टेकू लावायच्या कामाची.

शिवाय तिची मूठही बहुतेक वेळा प्लॅस्टिकचीच असते आणि दोन अर्धुकं जोडल्याची धार मुठीच्या आतल्या बाजूने जाते. फरशीवर दोन-चार वेळा जोरात टेकवली की जोड उकलतो आणि भुगा गळायला लागतो. वजन कमी होतं, मधला भाग खुळखुळतो. दुरुस्ती काही नाही.

बिडाच्या बेलमध्येही डावं-उजवं असतं. चांगली बेल मुठीसकट एकाच ओतात केलेली असते. सांगली-कोल्हापूर पट्ट्याला ओतकाम सांगायची गरज नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा आहे आणि लोखंडी नांगरापासून त्याची ओळख आहे. पण ओतकाम माहीत असलेल्या भागातच एक जुगाड जास्त दिसतो: बिडाचा गोळा घ्यायचा, त्याला वाकवलेली सळई वेल्ड करायची आणि बेल म्हणून विकायची. ही घेऊ नका. बिडात कार्बन जास्त असतो. तापवून, निकेलची कांडी वापरून, हळूहळू थंड होऊ दिलं तरच वेल्ड धरतो. साध्या कांडीने मारलेल्या वेल्डशेजारी बीड तडकतं आणि ती तड रंगाखाली दिसत नाही. झुलवताना डोळ्यांच्या रेषेत आलेला १६ किलोचा गोळा मुठीतून सुटला तर काय होईल, त्याचा विचार करा. त्यात सळई बांधकामाची असेल तर तिच्या आडव्या रेघा तळव्याची साल काढतात, ते वेगळंच.

ओळखायचं कसं? मूठ गोळ्याला जिथे मिळते तिथे बोट फिरवा. एकसंध ओतात तिथे गोल, सलग वळण असतं. वेल्डवर फुगवटा किंवा खवले लागतात, किंवा पुट्टीने लपवलेला गुळगुळीत पट्टा. मग छोट्या हातोडीने गोळ्याला टिचकी मारा. नीट बिडाचा आवाज भरीव आणि स्वच्छ येतो. तडकलेल्या किंवा आत पोकळ्या राहिलेल्या ओताचा भद्द येतो. बारीक छिद्रं सगळ्याच ओतात असतात, त्याला घाबरू नका. छिद्रं मुठीवर असतील तर मात्र ती बेल परत ठेवा.

आता मुठीची जाडी. शिंप्याची टेप मुठीभोवती गुंडाळा. घेर ११ सेंटीमीटर आला तर मूठ ३५ मिलिमीटरची, १०.४ आला तर ३३ ची. १६ किलोला हीच मापं योग्य. घेर साडेबाराच्या वर गेला तर मूठ ४० मिलिमीटरची झाली. हात लहान असेल तर २० झोके व्हायच्या आत पंजा उघडतो आणि माणूस पाठीचं काम बोटांवर ढकलतो. मुठीखालची खिडकीही बघा. दोन्ही हात शेजारी शेजारी बसले पाहिजेत, करंगळ्या कोपऱ्यात चिरडता कामा नयेत. एक हात आरपार घालून बेल मनगटावर टेकवली तर मुठीचा कोपरा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसायला हवा.

स्पर्धेची पोलादी बेल वेगळी. ती ८ किलोची असो की ३२ ची, बाहेरून आकार एकच, कारण आतली पोकळी कमी-जास्त करतात. रंगावरून वजन कळतं: १६ पिवळी, २४ हिरवी, ३२ लाल. हे रंग पाहून कुणी साधी बिडाची बेल पिवळी रंगवून ‘स्पर्धेची’ म्हणून विकत असेल तर ८ आणि १६ शेजारी ठेवायला सांगा. आकार वेगळे असतील तर स्पर्धेची नाही. घरच्या व्यायामाला तिची गरजही नाही. तिची खिडकी एका हातासाठी बेतलेली असते, दोन हातांचे झोके तिच्यात अडचणीचे होतात.

नवीन बिडाच्या बेलमध्ये हमखास सापडणारा दोष म्हणजे मुठीवरची रेघ. साचा दोन भागांचा असतो, ते मिळतात तिथे ओताची पातळ धार उरते. ग्राइंडर नीट मारला नसेल तर ती मुठीच्या बरोबर मध्यावरून जाते. यासाठी बेल नाकारायची गरज नाही. अर्धगोल कानस घेऊन धार बसवा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर १२० चा. त्यापुढे जाऊ नका. आरशासारखी मूठ घामात निसटते, थोडा खरखरीतपणा हवाच. जाड ऑइलपेंट असेल तर मुठीपुरता खरवडून काढा. उघड्या बिडाला पावसाळ्यात गंज धरतो, म्हणून व्यायामानंतर कोरड्या फडक्याने पुसा आणि आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवून तो कोरडा पुसून टाका. पावडर कोटिंग असलेली बेल मिळाली तर या कटकटी बऱ्याच कमी होतात. मुठीवर रबरासारखं मऊ आवरण असेल तर ते दिसायला छान, पण तळव्याला चिकटून कातडी ओढतं.

हाताला चॉक, म्हणजे घाम शोषणारी पांढरी पूड लावा, तालमीतली माती नको. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद घातलेली असते, ती अंगाला बरी आणि लोखंडी मुठीला वाईट.

वजन काट्यावर घालूनच घ्या. अंकावर विसंबू नका, साचा जुना झाला की अंक तोच राहतो आणि वजन सरकतं. एकच बेल असेल तर पाव-अर्ध्या किलोचा फरक सोडून द्या. जोडी घेणार असाल तर दोन्हींमध्ये पाव किलोहून जास्त फरक नको, डावा-उजवा खांदा तो फरक महिनाभरात दाखवतो. तळ सपाट फरशीवर ठेवून डोलते का तेही बघा, कारण मूठ धरून जोर मारायचे तर डोलणारी बेल मनगट पिरगाळते. ऑनलाइन मागवली तर यातलं काहीच तपासता येत नाही आणि एवढ्या वजनाची ने-आण किमतीत मिसळलेली असते, त्यामुळे स्थानिक खरेदीच बरी. भाव किलोवर विचारा. बिडाच्या वस्तूचा भाव किलोवरच निघतो आणि दोन दुकानांची तुलना सोपी जाते.

एकच घ्यायची तर कुठली? जोर-बैठकांची सवय असलेल्या पुरुषाने १६, नसलेल्याने १२. स्त्रियांनी ८ पासून, अंगात ताकद असेल तर सरळ १२. अगदी हलकी घेऊ नका. हलकी बेल माणूस हातांनी उचलतो आणि खुब्याचं काम शिकतच नाही. प्लेटा बदलायची बोल्टवाली बेल जागा वाचवते खरी, पण झोक्यांत बोल्ट सैल होतो आणि दर वेळी पान्याने आवळायला लागतो. ती फक्त बैठका आणि दाबण्यासाठी, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर ढकलण्यासाठी ठेवा.

गोणीचं प्रकरण उलट आहे. ती विकत घेण्यापेक्षा करून घेणं चांगलं.

कोरडी वाळू लिटरला सुमारे १.६ किलो भरते, म्हणजे २० किलोला साडेबारा लिटर. नदीची वाळू गोलसर असते, गोणीत सहज सरकते. क्रश सँडचे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचे कण धारदार असतात, आतली पिशवी कुरतडतात आणि तिच्यातली बारीक पूड शिवणीतून धुरासारखी बाहेर येते. क्रश सँडच मिळत असेल तर ती आधी चाळा, धुवा. वाळू कुठलीही असो, दोन कडक उन्हं देऊन पूर्ण वाळवल्याशिवाय भरू नका. ओली वाळू वजन फसवते, कोंदट वास येतो आणि तागाचं पोतं आतून कुजतं.

वाळू थेट पोत्यात ओतायची नाही. ५ किलोच्या पिशव्या करा, प्रत्येक पिशवी दुहेरी, तोंड पिळून दुमडून दोरीने आवळलेलं. पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब मिळाली तर ती कापून दोन्ही टोकं बांधा, याहून टिकाऊ अस्तर नाही. अशा ४ पिशव्या घातल्या की २० किलो, पुढे पाचपाचने वाढवता येतं. बाहेरची गोणी जाड कॅनव्हासची, ६५ ते ७० सेंटीमीटर लांब, ताडपत्री शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या. तोंडाला चेन लावू नका. चेनचे दात पहिल्या महिन्यात वाळूने भरतात आणि दुसऱ्यात तुटतात. तीन वेळा दुमडून दोरीने बांधलेलं तोंड पुरतं. आणि गोणी ठासून भरू नका. पाव भाग मोकळा ठेवला तर वजन आत सरकतं आणि अंगाला प्रत्येक वेळी नव्याने तोल धरावा लागतो. गोणीचा सगळा फायदा त्या सरकण्यात आहे. गच्च भरलेली गोणी म्हणजे गैरसोयीचा दगड.

खताचं रिकामं पोतं फुकट मिळतं म्हणून लोक तेच वापरतात. विणलेलं प्लॅस्टिक घामाने निसटतं आणि गच्चीवर उन्हात राहिलं की काही महिन्यांत हाताने फाटेल इतकं ठिसूळ होतं. आत खताचे कण राहिले तर मानेची, हाताची कातडी चुरचुरते. तात्पुरतं काही हवंच असेल तर साखरेचं किंवा तांदळाचं पोतं घ्या, एकात एक दोन.

तयार गोणी विकत घेतलीच तर पट्ट्यांची शिवण बघा. चौकोनात फुली मारलेली शिवण हवी, नुसती सरळ रेघ असेल तर पट्टा वजनासकट हातात येतो. पण खरं सांगायचं तर पट्टे नसलेलीच गोणी जास्त काम करून घेते. तिला कवटाळून उचलावं लागतं, कोपर, छाती, पोट, पाठ सगळं एकदम लागतं. कुस्तीत समोरच्याला उचलताना कुठे पट्टा असतो? नदीकाठच्या तळमजल्यावर राहत असाल तर गोणी वर ठेवायची सोय करा. २००५, २०१९, २०२१, कृष्णेने सांगलीला सांगून ठेवलंय. बिडाची बेल पुरातून काढून घासली की पुन्हा वापरता येते, भिजलेली गोणी फेकावीच लागते.

मुद्गलांचं थोडक्यात. कोणी त्याला करेला म्हणतं, कोणी नुसती जोडी. खांदे, पाठीचा वरचा भाग आणि पकड यांसाठी याला तोड नाही, पण सगळ्या अंगाचा व्यायाम एकट्या जोडीवर होत नाही, पायांना बैठका लागतातच. सुरुवातीला प्रत्येकी २ ते ३ किलो पुरे. ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, पण वजन मुठीपासून दीड-दोन फूट लांब असल्यामुळे ३ किलोही खांद्याला भरपूर होतात. बाभूळ किंवा शिसव घ्या, आंब्याचं लाकूड हलकं आणि लवकर चिरतं. लाकूड मुरलेलं नसेल तर मूठ जिथे पोटाला मिळते त्या मानेपाशी उभी चीर पडते. विकत घेताना नख लावून बघायची जागा ती. मुठीच्या टोकाला गोळा असलाच पाहिजे, तोच हातातून सुटू देत नाही. एकाच मापाच्या दोन मुद्गलांत लाकडाच्या घनतेमुळे पावशेराचा फरक सहज येतो, तेव्हा इथेही काटा. जवसाच्या तेलाचा हात वर्षातून दोनदा. आणि फिरवण्याआधी वर बघा, सांगलीतल्या बहुतेक घरांत पंखा आहे.

या यादीत गदा मुद्दाम घेतलेली नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेऊन मिरवायची असते. व्यायामाची गदा फिरवायची तर तिचा दगड किंवा सिमेंटचा गोळा दांड्यावर पाचरीने बसवलेला असतो, पाचर वाळून सैल झाली की गोळा सुटतो. वस्ताद जवळ असेल तर तालमीतच करा.

वस्तू चांगली निघाली तरी वापरात एक चूक जवळजवळ सगळे करतात: बेलचा झोका बैठकीसारखा मारतात. गुडघे पुढे जातात, बेल हातांनी वर ओढली जाते, दुसऱ्या दिवशी कंबर धरते. झोका खुब्यातून मारायचा. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा आणि गुडघे थोडेच वाकवून कुल्ल्यांनी भिंतीला स्पर्श करा, पाठ सरळ. हीच हालचाल. बेल पावलांच्या फूटभर पुढे ठेवा, ती मागे पायांत वर खेचा, मनगटं मांड्यांच्या वरच्या भागाला टेकली की खुबे जोरात सरळ करा. बेल छातीपर्यंत आपोआप तरंगते. हात म्हणजे नुसते दोर. वर जाताना फुस्स करून श्वास सोडा.

३० मिनिटांचं एक काम असं बसतं. २० बैठका आणि १० जोर अंग तापवायला. मग दर मिनिटाच्या सुरुवातीला १० झोके आणि उरलेल्या वेळात विश्रांती, अशी १० मिनिटं. बेल छातीशी धरून ५ बैठकांचे ४ फेरे, तळाशी कोपर गुडघ्यांच्या आत. एका हाताने डोक्यावर ५ वेळा दाबणं, दोन्ही बाजूंनी ३ फेरे. १६ ची दाबता येत नसेल तर जोर मारा, लाज नको. गोणी जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून खांद्यावर, डावी-उजवी मिळून ६ वेळा, ३ फेरे. शेवटी गोणी कवटाळून ४० मीटर चाला, ४ खेपा. मुद्गलांची जोडी असेल तर वेगळ्या दिवशी, प्रत्येक बाजूला १० फेऱ्यांचे ४ संच. आठवड्यात तीन दिवस पुरे. १० मिनिटांचे १०० झोके पाठ न दुखता सलग चार आठवडे झाले की पुढची बेल घ्यायचा विचार करा, त्याआधी नाही.

मूठ तळव्याच्या मध्यात धरू नका, बोटांच्या मुळाशी धरा. मध्यात धरली की कातडी दुमडते आणि घट्टा फाटतो. घट्टे वाढले तर अंघोळीला वजरीने सपाट घासा, उचकटू नका. शहाबादी फरशीवर बेल आपटली तर फरशी फुटते, क्वचित बेलही, कारण बीड ठिसूळ असतं. खाली रबरी मॅट किंवा जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा टाका. रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचं दुखणं असेल तर झोके आणि गोणी सुरू करण्याआधी डॉक्टरांना हालचाल करून दाखवा. नुसतं ‘व्यायाम करू का’ विचारलं तर सगळेच हो म्हणतात.

पैशांचा क्रम लावायचा तर आधी एकाच ओताची बिडाची बेल, मग घरी केलेली गोणी, जोडी नंतर कधीही. सिमेंटच्या बेलवर वाचवलेल्या पैशांत ताडपत्रीवाल्याची शिलाईच काय ती निघेल.